जुने गोवे, पिलार आणि पणजी: एका दिवसाची गाईडेड सहल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावहून येणारी मंडळी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवलंय. बुकिंगच्या आधी एकदा वाचा, आणि घरातल्या ज्येष्ठांनाही वाचून दाखवा कारण चालण्याचे, चढाचे प्रश्न त्यांचेच असतात.

नक्की कुठे कुठे नेता?

सकाळी आठला पणजीहून निघायचं, मांडवीच्या काठाने रायबंदरच्या रस्त्याने जुन्या गोव्याला. हा रस्ता म्हणजे पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात खाजणातून, म्हणजे खाऱ्या दलदलीतून, बांधलेला बांध आहे, सुमारे तीन किलोमीटरचा, आणि अजून त्यावरून गाड्या, बसेस जातात. मग जुन्या गोव्यात से कॅथेड्रल, बाँ जेझुस बॅसिलिका, सेंट कॅजेटन, व्हाइसरॉयची कमान, त्यानंतर वरच्या टेकडीवर म्हणजे मोंत सांतवर सांता मोनिका आणि सेंट ऑगस्टिनचे अवशेष. जेवण. दुपारनंतर पिलारचा मठ, आणि संध्याकाळी पणजीत फोंतेन्यास, ही तिथली जुनी वस्ती. साडेसहापर्यंत मोकळे.

बीच नाही, क्रूझ नाही, शॉपिंगचा थांबा नाही. हे आधीच सांगतो कारण ज्यांना तेच हवं असतं त्यांचा दिवस आमच्याबरोबर वाया जाईल.

आम्ही आधी जुन्या गोव्याला जाऊन आलोय, मग पुन्हा कशाला?

बहुतेक जण जातात ते साऊथ गोवा किंवा नॉर्थ गोवा दर्शनच्या बसने, बस पाऊण तास थांबते, बॅसिलिकेच्या आत एक फेरी, समोर से कॅथेड्रलपुढे फोटो, आणि पुढे मंगेशीला. मोंत सांतवर बस चढतच नाही. म्हणजे या शहरातलं जे सगळ्यात मोठं आहे, मठ, तेच राहून जातं. १९८६ ला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून यादीत घेतलं ते 'चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स' असं दोन्ही मिळून घेतलंय. चर्च म्हणजे लोकांनी येऊन प्रार्थना करायची जागा, पण या शहरात जमिनी कोणाच्या, शिक्षण कोणाच्या हातात, छापखाना कोणाचा, दवाखाना कोण चालवतं हे सगळं मठांवर ठरत होतं. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, थिएटाइन, प्रत्येक पंथाची आपली टेकडी आपला रस्ता. ते नुसतं ऐकून कळत नाही, त्या टेकडीवर उभं राहून खाली नदीपर्यंत बघितलं की कळतं, आणि आमची सगळी सहल खरं तर त्यासाठी आखलेली आहे.

मग एवढे मठ गेले कुठे?

दोन कारणं. एक म्हणजे रोगराई. कॉलरा, मलेरिया, प्लेग, एकामागून एक साथी आल्या, विहिरींचं पाणी खराब, लोक शहर सोडून पणजीकडे सरकत गेले. व्हाइसरॉयनेच १७५९ ला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ ला पणजी अधिकृत राजधानी झाली. दुसरं कारण लिस्बनमधलं. १८३४ ला पोर्तुगालने सगळे पुरुषांचे धार्मिक पंथ बरखास्त केले, त्यांची मालमत्ता सरकारजमा, आणि १८३५ ला तो हुकूम गोव्यात लागू झाला. साधू निघून गेले, मागे राहिल्या त्या प्रचंड इमारती, कौलं चाळायला कोणी वर चढणारं नाही आणि पाऊस आपल्या कोकणातला. चार-पाच पावसाळ्यांत छप्पर गेलं की भिंतीला काही आधार राहत नाही. कित्येक इमारतींचा चिरा, म्हणजे जांभा दगड, पणजीच्या बांधकामाला गेला.

सेंट ऑगस्टिनचा तो तुटका मनोरा, त्याची गोष्ट काय?

आम्ही सगळ्यात जास्त वेळ इथेच थांबतो. ऑगस्टिनियन साधू गोव्यात आले १५७२ ला, आणि हे चर्च बांधून झालं १६०२ च्या आसपास. मनोरा ४६ मीटरचा होता. मठ ओस पडल्यावर १८४२ ला चर्चचं घुमटाकार छत कोसळलं, १९३१ ला दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला, राहिलंय ते तुम्हाला दिसतं ते. जवळ जाऊन बघा, चिरा नुसता एकावर एक रचलेला, बोट फिरवलं की लालसर पूड हाताला लागते. खाली जमिनीवर थडग्यांच्या फरश्या आहेत, काहींवर कवटी आणि हाडं कोरलेली, काहींवर घराण्याची चिन्हं. बाजूच्या छोट्या चॅपलच्या भिंतीवर कुठे कुठे अजून निळ्या-पिवळ्या टाइल्सचे तुकडे चिकटलेले दिसतात, पोर्तुगीज त्यांना अझुलेजो म्हणतात.

इथली घंटा आता पणजीत आहे, चर्च स्क्वेअरच्या पायऱ्यांच्या चर्चवर. मध्ये काही वर्षं ती आग्वादच्या दीपगृहावर होती, १८७१ ला पणजीला आली. संध्याकाळी फोंतेन्यासला जाताना ते चर्च दाखवतो.

आणि इथलीच दुसरी गोष्ट, जॉर्जियाच्या राणीची. केतेवान नावाची ही राणी इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती, धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ ला शिराझला तिला छळ करून मारलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष लपवले आणि काही भाग गोव्याला आपल्या मठात आणला. पोर्तुगीज कागदांत जागा लिहून ठेवलेली होती, चॅप्टर चॅपेलच्या खिडकीजवळ दगडी पेटीत. मठ कोसळला तेव्हा ते सगळं ढिगाऱ्याखाली. पुढे पुरातत्त्व खात्याने खोदकाम केलं, हाताचं हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला आणि ते भारतात दुर्मिळ पण जॉर्जियात आढळणाऱ्या वंशाशी जुळलं. जुलै २०२१ ला भारत सरकारने ते अवशेष जॉर्जियाला दिले. जॉर्जियात ती संत आहे, त्यामुळे तिथून इथे लोक मुद्दाम येतात.

सांता मोनिका म्हणजे काय आणि आत जाता येतं का?

बायकांचा मठ. १६०६ ला सुरू, १६२७ ला पुरा झाला, नंतर आग लागली आणि पुन्हा बांधला. त्या काळी आशियातला सगळ्यात मोठा ननांचा मठ होता. तीन मजली, मध्ये चौक, बाहेरून बघितलं तर किल्लाच वाटेल अशा भिंती आणि त्यांना टेकवलेले मोठे दगडी आधार. १८३५ च्या हुकमात पुरुषांचे मठ लगेच रिकामे केले, इथे मात्र नव्या मुली घ्यायला बंदी घातली, आधीच्या होत्या त्यांना राहू दिलं. शेवटची नन १८८५ ला वारली. पन्नास वर्षं एवढ्या मोठ्या इमारतीत एक एक जण कमी होत गेली. आमच्या सहलीतल्या बायका इथे सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात, मुली कोणाच्या असायच्या, स्वतःहून यायच्या की घरचे आणून सोडायचे, आणि त्यावर बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो.

मठाच्या मुख्य भागात आता धार्मिक शिक्षण देणारी संस्था आहे, तिथे पर्यटक म्हणून फिरता येत नाही. पण मठाच्या चर्चच्या भागात ख्रिश्चन कलेचं म्युझियम आहे, आधी राशोलच्या सेमिनरीत (पाद्री शिकतात तिथे) होतं, २००२ ला इथे आलं. हस्तिदंती मूर्ती, चांदीची भांडी, बरंचसं काम इथल्याच हिंदू कारागिरांच्या हातचं, आणि ते कोरीव पानं-फुलं बघून लगेच ओळखू येतं. तिकीट वेगळं.

सेंट झेवियरचं शव दिसतं का? पुढचं दर्शन कधी?

फ्रान्सिस झेवियर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, शव गोव्याला आलं १५५४ ला. ते बॅसिलिकेत आहे पण उंचावर, चांदीच्या पेटीत, काचेतून थोडंसं दिसतं. पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३०च्या दशकात घडवलेली, खालचं संगमरवरी थडगं इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेलं, बसवलं १६९८ ला. दर दहा वर्षांनी पेटी खाली आणून से कॅथेड्रलमध्ये ठेवतात, मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं. म्हणजे हिशोबाने पुढचं २०३४ ला.

३ डिसेंबरला फेस्त असतं, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. त्या दिवसांत लोक चालत येतात, सांगे, काणकोण, कुठून कुठून, आणि त्यात हिंदू माणसंही असतात. त्या काळात आम्ही सहल काढत नाही. ते दिवस भाविकांचे, ग्रुप घेऊन मध्ये उभं राहणं बरं दिसत नाही.

बॅसिलिकेला प्लास्टर का नाही, पडझड झाली का?

नाही. १९५० च्या दशकात दुरुस्तीच्या नावाखाली प्लास्टर मुद्दाम काढलं, जुनी दिसावी म्हणून. तेव्हापासून चिरा उघडा आहे आणि पावसात झिजतोय. चिरा हा भोकाभोकांचा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो, हवेने कडक होतो, पण पाणी पितो. म्हणून तर गोव्यातली जुनी घरं नेहमी चुन्याने गिलावा केलेली. परत प्लास्टर करा असं कित्येक जण वर्षानुवर्षं सांगतायत. मला वाटतं करायलाच हवं, फोटो थोडा वेगळा येईल पण इमारत तरी राहील.

संभाजीराजांचा आणि जुन्या गोव्याचा संबंध सांगता का?

सांगतो, आणि न विचारताही सांगतो. नोव्हेंबर १६८३ ला मराठ्यांनी जुवें बेट घेतलं, ते जुन्या गोव्याच्या अगदी जवळ, मध्ये फक्त नदी. व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन गेला, मार खाऊन जखमी होऊन परतला. शहरात घबराट. असं सांगतात की तो बॅसिलिकेत गेला, झेवियरची पेटी उघडायला लावली, स्वतःचा अधिकाराचा दंड संताच्या हातात ठेवला आणि म्हणाला आता राज्य तुम्हीच सांभाळा. मुघलांची फौज शाह आलमबरोबर कोकणात उतरत होती म्हणून महाराजांना मागे फिरावं लागलं. पोर्तुगीजांनी तो चमत्कार मानला. बॅसिलिकेत उभं राहून ही हकीकत ऐकली की पुस्तकातला तो परिच्छेद वेगळा वाटतो, नदी किती जवळ आहे ते दिसतं ना समोर.

सप्तकोटेश्वर त्याच दिवशी होईल का?

आमच्या सहलीत नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः जा, जरूर जा. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, कदंब राजांचं कुलदैवत, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यात नार्वेला नेलं आणि शिवाजी महाराजांनी १६६८ ला तिथे देऊळ बांधायला घेतलं, तसा शिलालेख दारावर आहे. राज्य सरकारने जीर्णोद्धार करून २०२३ ला पुन्हा उघडलं. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, तिथून पुन्हा फेरीबोटीने नार्वे, असा रस्ता आहे, गाडी बोटीत चढते. दुपारी जेवून निघालात तरी आरामात होतं.

इन्क्विझिशन, मंदिरं पाडली, याबद्दल गाईड बोलतो की टाळतो?

टाळत नाही. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला सुरू झालं, १८१२ ला कायमचं बंद. त्याचा वाडा से कॅथेड्रलजवळच्या चौकात होता, आज काही शिल्लक नाही, जागा दाखवतो. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, हे सगळं त्याच काळातलं आणि तुमच्यापैकी कित्येकांचं कुलदैवत यातलंच असेल. व्हाइसरॉयच्या कमानीवर नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आणि शहराच्या बाजूला एक स्त्री, हातात तलवार, पाय एका खाली पडलेल्या माणसावर. ते शिल्प नीट बघा. जिंकणाऱ्याने स्वतःबद्दल काय लिहून ठेवलंय ते तिथे दगडात आहे.

पण एक विनंती असते. आज तिथे मिसाला (प्रार्थनेला) बसलेली आजी काही १५६० ला नव्हती. आतमध्ये, प्रार्थना चालू असताना, मोठ्याने वाद नको. बाहेर झाडाखाली बसून हवं तेवढं बोलू, आमचं उत्तर राखीव नसतं.

मराठीशी संबंधित काही बघायला आहे का?

आहे, लोकांना माहीत नसतं. सेंट पॉल कॉलेजचं एक मोठं दार तेवढं रस्त्याच्या कडेला उभं आहे. याच कॉलेजात १५५६ ला छापखाना सुरू झाला, भारतातला पहिला. पुढे थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात १५७९ ला आला, इथली भाषा शिकला आणि ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ ला राशोलला छापलं, लिपी रोमन पण भाषा मराठी. राशोल सासष्टीत, लांब पडतं, म्हणून ते या सहलीत नाही, पण दारापाशी गाडी थांबवून हे सगळं सांगतो. फ्रान्सिस्कन मठात एएसआयचं म्हणजे पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे त्यात कदंबकाळातले वीरगळ आहेत, शुक्रवारी बंद असतं. आणि सेंट कॅजेटनच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याची दगडी चौकट, अफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० ला विजापूरकरांकडून गोवा घेतला त्याच्या आधीच्या शहराची तेवढीच निशाणी.

पिलारला का नेता? ते तर लिस्टमध्ये कधीच नसतं.

म्हणूनच. जुन्या गोव्यातले बहुतेक मठ रिकामे, पिलारचा चालू आहे. १६१३ ला फ्रान्सिस्कनांनी बांधला, तोही १८३५ ला रिकामा झाला, नंतर पुन्हा साधू आले आणि आज पिलार सोसायटीची सेमिनरी तिथे आहे, मुलं शिकतायत, बाग राखलेली आहे. फादर आग्नेल १९२७ ला वारले, त्यांची समाधी तिथेच, सगळ्या धर्मांचे लोक येतात. छोटं म्युझियम आहे, कदंबांच्या गोपकपट्टणाच्या अवशेषांसाठी बघायचं, कारण ती राजधानी याच टेकडीच्या पायथ्याला होती. वरून जुवारी दिसते.

मॅपवर टाकताना सांभाळा, पिलारच्या पायथ्याचं गाव गोवा वेल्हा आणि आपण सकाळी जातो ते जुने गोवे, दोन्ही वेगळी, मध्ये बरंच अंतर आहे. ड्रायव्हर लोकही चुकतात.

कपडे काय घालायचे?

खांदे आणि गुडघे झाकलेले. स्लीव्हलेस असेल तर ओढणी, स्टोल बरोबर ठेवा. टोपी आत काढायची. चप्पल काढायची नसते. पायात मात्र नीट पकड असलेलं काहीतरी, ऑगस्टिनच्या फरश्या पावसाळ्यात शेवाळलेल्या असतात.

आई-बाबांना गुडघेदुखी आहे, जमेल का?

खालचा भाग सगळा सपाट आहे, जमतं. मोंत सांतचा चढ गाडीने जातो, वर अवशेषांत मात्र दगड वरखाली आहेत. ज्यांना नको त्यांनी सांता मोनिकाच्या सावलीत बसायचं, कोणीतरी सोबत थांबतं. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या चढायलाच पाहिजेत असं नाही, खालूनही छान दिसतं. व्हीलचेअर असेल तर आधी कळवा, थांबे कमी करून वेळ वाढवतो.

जेवण? आम्ही शाकाहारी आहोत.

पणजी-जुन्या गोव्यात शाकाहारी थाळी सहज मिळते, खतखतं असलं तर नक्की घ्या, सोलकढी असतेच. मासे खाणाऱ्यांना हुमण, तळलेलं नुस्तं, उकडा भात. जूनची पहिली तारीख ते जुलैअखेर ट्रॉलरबंदी असते, तेव्हा ताजी मासळी महाग आणि कमी, त्या दिवसांत सुंगटांचा (कोळंबीचा) हट्ट धरू नका. जेवणाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, कारण एकाला थाळी हवी असते आणि दुसऱ्याला नुसता भाजी-पाव.

फोंतेन्यासमध्ये फोटोशूट करायचंय, प्री-वेडिंग पण.

आमच्याबरोबर नाही. तिथे लोक राहतात. दारात उभं राहून, खिडकीला टेकून, लोकांच्या सोप्यावर बसून फोटो काढतात त्याचा तिथल्या माणसांना खूप त्रास झालाय, दारांवर तशा पाट्या लावल्यात. चालत चालत रस्त्याचा फोटो घ्या, हरकत नाही. सेंट सेबेस्टियनच्या चॅपेलमध्ये जो क्रूस आहे तो पूर्वी इन्क्विझिशनच्या वाड्यात होता, येशूचे डोळे उघडे आहेत, तेवढ्यासाठी तरी आत डोकावून या.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली पण गर्दी. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट, चिरा भिजून गडद लाल असतो, गवत हिरवं, माणसं कमी. एप्रिल-मेमध्ये मुलं कंटाळतात, उन्हाने. लेंटमध्ये म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आलात तर गोवा वेल्ह्याची संतांची मिरवणूक विचारून ठेवा, लेंटच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी असते, खांद्यावरून संतांच्या मूर्ती नेतात.

कोकणकन्याने सकाळी उतरून थेट जॉईन झालं तर?

करमळी स्टेशन जुन्या गोव्याच्या अगदी जवळ आहे हे खरं, पण गाडी वेळेवर असली तरी आठच्या सुरुवातीला पोचत नाही, आणि पावसाळी टाइमटेबलमध्ये आणखी उशीर. आदल्या दिवशी या. विमानाने असाल तर दाबोळी की मोपा ते तिकिटावर बघा, दोन टोकांना आहेत. पणजीतल्या हॉटेलवरून पिकअप मिळतो, कळंगुट-बागाहून हवा असेल तर अर्धा तास आधी निघावं लागतं.

रविवारी सहल असते का?

असते, पण क्रम उलटा. सकाळी मिसा चालू असतात म्हणून आधी फोंतेन्यास आणि पिलार, जुने गोवे दुपारनंतर.

पैसे किती, कॅन्सल केलं तर?

माणसं किती आणि गाडी कोणती यावर ठरतं, मेसेज केलात की त्याच दिवशी सांगतो. गाडी आणि लायसन्सवाला गाईड त्यात धरलेला, म्युझियमची तिकिटं आणि जेवण वेगळं. ग्रुप दहाच्या वर नेत नाही, मागच्या माणसाला ऐकू येत नाही. दोन दिवस आधी कळवलंत तर ॲडव्हान्स परत. पावसामुळे आम्ही रद्द केलं तरी परत, किंवा तारीख बदलून घ्या.